नागपूरहून बंगळुरूला नोकरीसाठी निघालात? परदेशी जेवणाची ओळख अशी करून घ्या

बंगळुरूची नोकरी पक्की झाली की नागपूरच्या घरात पगाराच्या पाठोपाठ जेवणाचा प्रश्न निघतो. मी त्या शहरात सहा वर्षे राहिले, आता मिहानमध्ये काम करते, आणि दर काही महिन्यांनी बदली होऊन तिकडे जाणारा एखादा सहकारी मला तोच प्रश्न विचारतो. पोट भरण्याची चिंता मुळीच करू नका. डोसा, भात आणि मराठी मेस यांवर माणूस तेथे सुखाने जगतो. मात्र ज्या शहरात कोरियन, जपानी, तिबेटी, अरबी, बर्मी असे सगळे जेवण हाताशी आहे, तेथे माझे पहिले वर्ष मेस, बिर्याणी आणि पिझ्झा एवढ्यातच गेले, याची चुटपुट मला अजून आहे. कारण साधे होते: सुरुवात कोठून करावी हे सांगणारे कोणी नव्हते, आणि मेनू वाचताना भीती वाटत असे.

पुढील टप्पे माझ्या चुकांवरून लिहिले आहेत. त्यांच्यामागे एकच सूत्र आहे. सावजी रस्सा नागपुरात हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून बाहेर आला; तसे कोणत्याही शहरातील परदेशी जेवणामागे कोणीतरी कामासाठी, शिक्षणासाठी किंवा आसऱ्यासाठी आलेले असते. ती माणसे कोठे राहतात आणि काय मागवतात, हे पाहत गेलात तर चांगले जेवण सापडते.

१. निघण्यापूर्वी नागपुरातच करायची तयारी

आपण काय खात नाही, याची यादी घरीच शांतपणे लिहून काढा. 'मी शाकाहारी आहे' एवढे वाक्य पुरत नाही. अंडे चालते का? मासळीचा अर्क चालतो का? पदार्थात मद्य शिजवून घातलेले चालते का? जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन चालते का? मांसाहारी असाल तरी कोणते मांस चालते आणि कोणते वर्ज्य आहे, हे ठरलेले असावे, कारण बंगळुरूतील अनेक मेनूंवर पोर्क आणि बीफ सहज छापलेले असते आणि महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाचे डोळे ते शोधण्याला सरावलेले नसतात. शेंगदाणे, तीळ, कोळंबी किंवा सोया यांची अॅलर्जी असल्यास ती यादीत सर्वांत वर लिहा.

दुसरी तयारी काड्यांची. घरी दोन काड्या घेऊन आठवडाभर वाटीतले शेंगदाणे उचलण्याचा सराव करा. खालची काडी अंगठ्याच्या खोबणीत आणि अनामिकेवर स्थिर राहते, हलते ती फक्त वरची, हे एकदा लक्षात आले की बाकीचे हात शिकून घेतो. सराव झाला नाही तरी चमचा मागण्यात कमीपणा नाही.

२. जवळ काय असावे

- वर सांगितलेली यादी, मोबाइलमध्ये इंग्रजीत लिहून ठेवलेली. ऐन गर्दीत वेटरला ती दाखवणे बोलण्यापेक्षा सोपे जाते.
- छायाचित्रावरून भाषांतर करणारे अॅप. कोरियन ठिकाणी भिंतीवरचा फलक कधी कधी फक्त कोरियन लिपीत असतो आणि त्या दिवसाचा खास पदार्थ तेवढ्यावरच लिहिलेला असतो.
- नम्म मेट्रोचे कार्ड आणि ऑटोसाठी नम्म यात्री हे अॅप.
- थोडी रोख रक्कम. यूपीआय सगळीकडे चालते, पण तळघरातल्या जागेत नेटवर्क जाते आणि मग काउंटरपाशी उभे राहून घाम फुटतो.
- मोबाइलमधील एक वही, ज्यात पदार्थाचे नाव, जागा आणि तो आवडला की नाही हे लिहायचे. हे मी दोन वर्षे केले नाही. परिणामी एक उत्तम सूप कोणत्या गल्लीत प्यायले होते, ते मला आजही आठवत नाही.

चार कानडी शब्दही पाठ असावेत: मोट्टे म्हणजे अंडे, मीनु म्हणजे मासा, खारा म्हणजे तिखट, बेडा म्हणजे नको. अनेक ठिकाणी वाढणारी मुले ईशान्य भारतातील किंवा नेपाळची असतात आणि हिंदीत छान बोलतात, तरी ऑटोपासून काउंटरपर्यंत हे शब्द उपयोगी पडतात.

३. शहर भागाभागाने समजून घ्या

नवखा माणूस रेटिंगची यादी उघडतो आणि सर्वांत वरच्या नावाकडे निघतो. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात बंगळुरूच्या वाहतुकीत दीड तास सहज जातो, आणि पोहोचल्यावर चाळीस मिनिटांची रांग समोर असते. नागपुरात मनीषनगरहून सदरला वीस-पंचवीस मिनिटांत जाण्याची सवय असलेल्यांनी हा हिशेब नीट करावा.

त्यामुळे पहिले दोन महिने मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेला धरून राहा. ती चल्लघट्टापासून व्हाइटफील्डपर्यंत जाते, आणि २०२३च्या ऑक्टोबरपासून पूर्ण मार्गावर चालू आहे. एम. जी. रोड स्थानकावर उतरून चर्च स्ट्रीट पायी पालथा घालता येतो. हा जुन्या छावणीचा परिसर आहे आणि आपल्या सदर किंवा कामठीसारखीच इंग्रजी अमदानीची पुटे तेथे आहेत. थोडे पुढे इंदिरानगर आहे, जेथे जपानी, इटालियन आणि आग्नेय आशियाई जागा एकमेकींना लागून आहेत. व्हाइटफील्डला आयटी पार्कांमुळे परदेशी पाहुण्यांची ये-जा असते. तेथील जागा चांगल्या, पण कंपनीच्या खर्चाने जेवणाऱ्यांच्या हिशेबाने महाग.

मेट्रोशिवायच्या भागांकडे नंतर वळा. उत्तरेकडील कम्मनहळ्ळी आणि त्याला लागून असलेले कल्याण नगर येथे परदेशी आणि ईशान्य भारतातील विद्यार्थी बरेच राहतात, म्हणून तेथे कोरियन, अरबी, नागा, मणिपुरी असे खाणे शेजारी शेजारी आणि खिशाला परवडेल अशा दरात मिळते. माझ्या मते नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ घालवावा असा हाच भाग. फ्रेझर टाउनचा मॉस्क रोड रमजानच्या संध्याकाळी पाहण्यासारखा असतो. मोमिनपुऱ्यातली रमजानची गर्दी पाहिलेल्यांना तेथे परके वाटणार नाही. कोरमंगलात सगळे मिळते आणि जागा इतक्या वेगाने बंद होतात की जुन्या शिफारशीवर विसंबून जाऊ नये. निघण्यापूर्वी फोन करावा.

४. एका महिन्यात एकच देश घ्या

हा टप्पा मी सर्वांत महत्त्वाचा मानते. दर शनिवारी नवा देश घेतला तर जिभेवर काहीच राहत नाही. एक महिना एकाच देशाचे जेवण वेगवेगळ्या तीन-चार जागी जेवल्यावर पदार्थाची चांगली आवृत्ती कोणती आणि उगाच सजवलेली कोणती, हे आपोआप कळू लागते. नागपुरी जिभेला सोपा पडेल असा क्रम पुढे देत आहे.

तिबेटी. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपण लहानपणापासून पाहतो, आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहतही आहे. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील बायलकुप्पे येथे १९६१मध्ये वसवलेली मोठी तिबेटी वसाहत आहे, त्यामुळे बंगळुरूत हे जेवण मुरलेले आहे. मोमो तुम्हाला माहीत आहेत; ते सोडून थेन्थुक मागवा. मळलेल्या कणकेची पट्टी हाताने तोडून तिचे चपटे तुकडे उकळत्या रश्श्यात टाकतात, आणि पहिल्या घासालाच आईच्या हातची वरणफळे आठवतात. फक्त येथे वरणाच्या जागी पातळ, आल्या-लसणाचा रस्सा असतो. सोबत टिंग्मो म्हणजे वाफवलेला, पापुद्र्यांचा पाव घ्यावा. लोणी-मिठाचा चहा मात्र 'चहा' समजून पिऊ नका. सूप समजून प्यायलात तर आवडण्याची शक्यता आहे.

बर्मी. बेसन शिजवून, थापून, वड्या पाडण्याची कला आपल्याकडे पाटवडीत आहे. म्यानमारच्या शान प्रांतात हरभऱ्याच्या पिठाचे तसेच घट्ट 'टोफू' करतात, आणि ते सोयाबीनचे नसते. खाओ स्वे या शेवयांच्या रश्श्यातही नारळाच्या दुधाला दाटपणा येतो तो हरभऱ्याच्या पिठानेच. वर तळलेला लसूण, कांदा, लिंबू, तिखट हे स्वतः घालून घ्यायचे असल्याने पाटवडी रस्सा जेवणाऱ्याला येथे घरच्यासारखे वाटते. शाकाहारींसाठी बर्मा बर्मा ही मूळ मुंबईची, पूर्ण शाकाहारी साखळी बंगळुरूतही आहे.

कोरियन. आपल्याकडचे लोक 'कोरियन तिखट' म्हटले की सावरून बसतात. तशी गरज नाही. सावजीचे तिखट मिरी, लवंग आणि काळ्या मसाल्यातून येते, ते घशाखाली उतरून मागाहून कानांपर्यंत चढते. गोचुजांग ही मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेले सोयाबीन यांची लगदी असते, तिचा रंग भडक आणि चव गोडसर, आंबूस, खारट. भडक रंगाला घाबरून माझ्या एका वर्धेच्या मित्राने पहिला घास भीत भीत घेतला आणि मग म्हणाला, "काहून बे, मिरची टाकाची राहून गेली का?" पहिल्या वेळी बिबिम्बाप मागवा: गरम दगडी भांड्यात भात, भाज्या, वर अंडे आणि ही लगदी. वाढल्यावर लगेच ढवळू नका. तळाचा भात मिनिटभर करपू दिला की खरवडीसारखा खमंग लागतो.

माझी फजिती येथेच झाली. मागवलेल्या एका पदार्थाबरोबर सहा लहान वाट्या आल्या: किमची म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, मोड आलेले धान्य, मुळा, पालक, बटाटा आणि एक ओळखू न आलेली भाजी. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिले, हे आपण मागवले नाही आणि बिल वाढेल, असे ठरवले आणि सगळ्या वाट्या नम्रपणे परत पाठवल्या. वाढणारा मुलगा गोंधळून त्या घेऊन गेला. या वाट्यांना बानचान म्हणतात, त्या जेवणाचाच भाग असतात, त्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपल्यावर बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतात, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले.

जपानी. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमुळे जपानशी आपली तोंडओळख आहे, पण ती ताटापर्यंत आलेली नाही. बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाचा कारखाना आहे आणि जपानी कुटुंबे शहरात राहतात, त्यामुळे येथील काही जपानी स्वयंपाकघरे त्यांच्या जिभेला उतरतील अशी चालवावी लागतात. सुशीपासून सुरुवात करू नका. प्रथम कारे राइस घ्या. करी जपानला इंग्रजांकडून पोहोचली, म्हणून ती आपल्याला दूरच्या नात्यातली वाटते. नंतर रामेन म्हणजे रश्श्यातल्या शेवया, नंतर तेम्पुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या किंवा कोळंबी, आणि सुशी सर्वांत शेवटी. सुशीसोबत येणारा हिरवा, झणझणीत वासाबी हा चटणीचा गोळा नाही. काडीच्या टोकावर मावेल एवढाच घ्यावा.

अरबी. मंदी हा येमेनच्या हद्रामौत भागातला भात मोठ्या थाळीत चौघांत मिळून खायचा असतो आणि पाव, अर्धा, पूर्ण अशा मापाने मिळतो. दोघे असाल तर पाव पुरे. मसाला सौम्य असतो, तेव्हा सोबतची टोमॅटो-मिरचीची चटणी मागून घ्या. शाकाहारींना हुमुस आणि फलाफल आहेतच. शॉरमा मात्र गर्दीच्या वेळी, सळई फिरती असतानाच घ्यावा, आणि त्यातील मेयोनीज कच्च्या अंड्याचे आहे का, ते विचारावे.

इटालियन आणि मेक्सिकन जेवणाविषयी लिहीत नाही. ते कोणीही तुम्हाला ओढून नेईलच.

५. शाकाहारींनी कोठे सावध राहावे

आई पहिल्यांदा बंगळुरूला आली तेव्हा मी तिला एका थाई जागी नेले. मेनूवर हिरवी खूण होती, करी 'व्हेज' होती, आईला ती फार आवडली. उघड्या स्वयंपाकघरासमोर आमचे टेबल होते, आणि दुसऱ्या टेबलासाठी तीच करी होत असताना आचाऱ्याने एका उंच बाटलीतून दोन धारा सोडल्या. बाटलीवर माशाचे चित्र होते. मी आईला लगेच सांगितले नाही, रात्री सांगितले. ती रागावली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने फक्त फळे खाल्ली. त्या जागेने मुद्दाम फसवले असे मला वाटत नाही. त्यांच्या लेखी मांसाचे तुकडे नसले की पदार्थ शाकाहारी ठरत होता. म्हणून 'यात मांस आहे का?' असे न विचारता घटकाचे नाव घेऊन विचारायचे.

- थाई आणि व्हिएतनामी: फिश सॉस, तसेच करीच्या वाटणातील सुकट.
- चिनी: ऑयस्टर सॉस.
- कोरियन: किमचीत बहुधा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. शाकाहारी किमची वेगळी मिळते, ती नाव घेऊन मागावी.
- जपानी: मिसो सूप आणि बहुतेक रश्श्यांचा पाया असलेल्या दाशीत सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे असतात. शिताके किंवा कोम्बूची, म्हणजे अळंबीची किंवा समुद्री शेवाळाची दाशी आहे का, ते विचारावे.
- इटालियन: अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट म्हणजे दूध गोठवणारा अर्क असतो, पन्नाकोटा या गोड पदार्थात जिलेटिन, ताज्या पास्त्यात अंडे.
- सीझर सॅलड: वरच्या सॉसमध्ये अँचोव्ही मासा.

उत्तर 'नाही बहुतेक' असे आले, तर ते 'हो' समजावे आणि आचाऱ्याला विचारून यायला सांगावे. चांगल्या जागी याचा कोणी राग मानत नाही.

६. कधी जावे आणि टेबलावर कसे वागावे

महागड्या जागी पहिल्यांदा जायचे तर कामाच्या दिवशी दुपारी जा. अनेक ठिकाणी दुपारी ठरावीक ताट मिळते, जे रात्रीच्या दरापेक्षा बरेच स्वस्त पडते, आणि वाढणाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. शनिवारी रात्री आठला जाऊन प्रश्न विचारू नयेत. तुमच्या आधी आलेल्यांत त्या देशाचे कोणी जेवत असेल तर त्यांच्या टेबलावर काय आहे ते पाहावे आणि वेटरला तेच नाव विचारावे. मला सर्वांत चांगले पदार्थ अशाच प्रकारे मिळाले.

भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नका. जपानमध्ये मृताच्या नैवेद्याच्या भातात त्या तशा खोचतात, म्हणजे आपल्याकडे जेवत्या पानात कोणी पिंड ठेवावा तसे ते दिसते. रामेन भुरके मारून, आवाज करून खाल्लेले चालते. आणि कोणताही पदार्थ चाखण्यापूर्वी त्यावर तिखट मागू नका; ही आपली नागपूरकरांची खोड आहे, माझीही होती.

७. बिल आले की

खाद्यपदार्थांवरील जीएसटी साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के असतो. ज्या मोठ्या हॉटेलांत खोलीचा दर ७,५०० रुपयांहून अधिक असतो, तेथील रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. तारांकित हॉटेलात जपानी जेवायला जाणाऱ्यांनी हा फरक आधीच धरावा. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्या सूचना वैध ठरवल्या. तो लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगावा. नकार मिळाल्यास १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. वाढणाऱ्याची सेवा आवडली असेल, तर त्याच्या हातात रोख टिप द्यावी. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक छापलेला असतो, तोही पाहून ठेवावा.

एक छोटा सापळा पाण्याचा आहे. बसताच 'स्टिल की स्पार्कलिंग?' असे विचारतात आणि आपण गोंधळून एक नाव घेतो. बाटली उघडते आणि बिलात चढते. 'साधे पाणी' एवढेच म्हणावे.

८. घरचे आल्यावर आणि घरी परतताना

आई-वडिलांना पहिल्याच दिवशी सुशीपुढे बसवू नका. बर्मी किंवा तिबेटी जेवणापासून सुरुवात करा, पाटवडी आणि वरणफळांची ओळख सांगा, आणि मग त्यांना त्यांच्या वेगाने पुढे जाऊ द्या. माझ्या बाबांनी तिसऱ्या फेरीत थेन्थुकमध्ये लिंबू पिळून वर कच्चा कांदा मागितला. तो त्यांना मिळाला, आणि शेजारच्या टेबलावरच्या तिबेटी आजोबांनीही मग कांदा मागवला.

सुटीला नागपूरला येताना गोचुजांग, मिसो किंवा भातावर भुरभुरायचे जपानी मसाले आणता येतात; विमानाने येत असाल तर लगदीचे डबे चेक-इनच्या सामानात टाका. किमची आणायची असेल तर ती आंबत राहते आणि बंद बरणीत वायू साठतो, हे विसरू नका. मी संघमित्रा एक्स्प्रेसने एकदा काचेची बरणी घट्ट झाकण लावून आणली होती. बल्लारशाहच्या आसपास, पहाटे, बर्थखालून झाकण उडाल्याचा आवाज आला आणि लसणाच्या वासाने अख्खा डबा जागा झाला. तेव्हापासून मी स्टीलचा डबा आणते, तीन चतुर्थांशच भरते, झाकण सैल ठेवते, बाहेरून दोन पिशव्या लावते आणि प्रवासभर तो खिडकीपाशी उभा ठेवते.